मोबाइलचा मॅक अ‍ॅड्रेस : कुठे शोधाल, कोणता द्याल?

नवा मोबाइल घेतला, कार्यालयातील वाय-फायचा पासवर्ड अचूक टाकला, तरीही जोडणी होत नाही. चौकशी केल्यावर संगणक विभागातून विचारणा होते, 'मॅक अ‍ॅड्रेस नोंदवला आहे का?' वसतिगृहे, महाविद्यालये आणि अनेक कार्यालयांत हा प्रश्न नेहमीचा आहे. अनेकजण उत्तरादाखल आयएमईआय क्रमांक देतात, तर काहीजण मोबाइलवर दिसणारा भलताच पत्ता लिहून देतात. हा पत्ता नेमका कशाचा असतो, हे एकदा समजून घेतले तर असे घोटाळे टळतात.

पत्त्याची रचना

मॅक म्हणजे 'मीडिया अ‍ॅक्सेस कंट्रोल'. नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणातील यंत्रणेला कारखान्यातच दिलेला हा क्रमांक होय. त्यात बारा चिन्हे असतात आणि ती दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिली जातात, उदाहरणार्थ, डीए:१४:५सी:०७:बी९:२ई. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे, एवढीच चिन्हे त्यात येऊ शकतात. कोठे ओ किंवा एस दिसले, तर वाचण्यात चूक झाली आहे असे समजावे.

या पत्त्याचे मूळ इथरनेट तंत्रज्ञानात आहे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना पुढे आली. १९८० मध्ये डीईसी, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांनी प्रसिद्ध केलेल्या मानकात ४८ बिटांचा पत्ता निश्चित झाला. त्यातून सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते तयार होऊ शकतात. आयईईई ही संस्था उत्पादकांना पत्त्यांचे गट वाटून देते. पारंपरिक पद्धतीत पहिल्या तीन जोड्यांवरून उत्पादक कळतो आणि उरलेल्या तीन जोड्या तो स्वतः भरतो. अशा एका गटात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते बसतात.

आयपी आणि आयएमईआय वेगळे

गाडीचा चेसिस क्रमांक कायम राहतो, पण ती उभी करण्याची जागा रोज बदलू शकते. मॅक अ‍ॅड्रेस हा चेसिस क्रमांकासारखा, तर आयपी अ‍ॅड्रेस हा जागेसारखा आहे. आयएमईआय हा त्याहून निराळा, १५ अंकी क्रमांक असून तो मोबाइल कंपनीच्या नेटवर्कसाठी असतो. *#०६# दाबल्यावर तो पडद्यावर येतो.

हा फरक मोबाइल चोरीला गेल्यास विशेष महत्त्वाचा ठरतो. मॅक अ‍ॅड्रेसचा उपयोग राउटरपर्यंतच असतो. इंटरनेटवर पुढे जाणाऱ्या माहितीबरोबर तो सहसा जात नाही. त्यामुळे केवळ त्याच्या आधारे हरवलेला मोबाइल शोधता येत नाही. त्यासाठी पोलिसांत तक्रार करून दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांकाद्वारे मोबाइल बंद करवून घ्यावा लागतो.

एकाच मोबाइलचे अनेक पत्ते

मोबाइल ओळखीचे वाय-फाय शोधत असताना आपला मॅक अ‍ॅड्रेस हवेत उघडपणे प्रसारित करतो. याचा गैरफायदा घेता येतो, हे २०१३ मध्ये लंडनमध्ये दिसून आले. तेथे एका कंपनीने रस्त्यावरील कचरापेट्यांत यंत्रे बसवून ये-जा करणाऱ्यांच्या मोबाइलचे पत्ते टिपण्यास सुरुवात केली होती. बोभाटा झाल्यावर स्थानिक प्रशासनाने हा प्रकार थांबवण्यास सांगितले.

त्यानंतरच्या वर्षांत कंपन्यांनी उपाय योजले. अ‍ॅपलने २०१४ मधील आयओएस ८ पासून वाय-फाय शोधताना बनावट पत्ता वापरण्यास आरंभ केला. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून तर प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, यादृच्छिक पत्ता देण्याची सोय आली. म्हणजे घरी एक पत्ता, कार्यालयात दुसरा. हा पत्ता ओळखण्याची खूणही सोपी आहे. पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातील पत्ता नव्हे. वर दिलेले उदाहरण याच प्रकारचे आहे.

कसा शोधावा?

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यास 'वाय-फाय अ‍ॅड्रेस' दिसतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील 'अबाउट फोन' आणि त्यातील 'स्टेटस' येथे तो बहुधा सापडतो. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात. त्याच यादीतील ब्लूटूथचा पत्ता वेगळा असतो, तो देऊ नये.

मात्र विशिष्ट वाय-फायसाठी मोबाइल प्रत्यक्षात कोणता पत्ता वापरतो, हे पाहायचे असेल तर वाय-फायच्या यादीतील त्या नावाचा तपशील उघडावा. नोंदणीसाठी तोच पत्ता उपयोगी पडतो. कार्यालयाला कारखान्यातील पत्ताच हवा असेल, तर त्याच ठिकाणी आयफोनमधील 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' बंद करावा. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हसी'खाली मोबाइलचा मूळ मॅक वापरण्याचा पर्याय निवडावा. हा बदल त्या एका वाय-फायपुरताच राहतो. रेल्वे स्थानक, मॉल किंवा उपाहारगृहातील वाय-फायसाठी बदलता पत्ता सुरूच ठेवणे श्रेयस्कर.

घरच्या राउटरवर ठराविक मॅक अ‍ॅड्रेसनाच प्रवेश देण्याची सोय असते. ती वापरण्यास हरकत नाही, परंतु तिच्यावर विसंबू नये. हवेतून उघडपणे जाणारा पत्ता जाणकाराला सहज टिपता येतो आणि आपल्या उपकरणावर तोच लावता येतो. घरच्या वाय-फायचे खरे कुलूप म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा आणि अंदाज बांधता न येणारा लांब पासवर्ड.