रिबाउंडसाठी वेगळा माणूस घ्यावा का?

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका कॉलेजच्या कोचनी विचारलं होतं, की आमच्या मुलांचं शूटिंग बरं आहे, पण रिबाउंड हातात येत नाहीत. एक जागा रिकामी आहे. ती फक्त रिबाउंड घेणाऱ्या मुलाला द्यावी का? कारण ती त्याला दिली, की एका चांगल्या शूटरला घरी पाठवावं लागणार. तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आज तेवढंच बोलतो.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. शिकागो बुल्स, १९९५. त्या मोसमाआधी त्यांचा पॉवर फॉरवर्ड होरेस ग्रँट ऑरलँडो मॅजिककडे निघून गेला. मार्चमध्ये मायकल जॉर्डन परत आला, सगळ्यांना वाटलं आता झालंच. आणि प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत ऑरलँडोनेच त्यांना ४-२ असं हरवलं. शेवटचा सामना शिकागोत होता. तो संपल्यावर ऑरलँडोच्या खेळाडूंनी ग्रँटला खांद्यावर उचलून घेतलं! शिकागोच्या लोकांना ते किती झोंबलं असेल बघा. जॉर्डन तेव्हा ३२ वर्षांचा. फार वर्षं हातात नव्हती.

ऑक्टोबरमध्ये बुल्सनी सेंटर विल परड्यू सॅन अँटोनियोला दिला आणि डेनिस रॉडमनला घेतलं. पुढच्या मोसमात रॉडमननी सामन्यामागे १४.९ रिबाउंड घेतले आणि गुण केले फक्त ५.५. बुल्स ७२ सामने जिंकले, १० हरले, विजेतेपद मिळवलं. झालं, उत्तर मिळालं, माणूस घ्या. असं आपण म्हणतो. पण थांबा.

आकडा १४.९ दिसतो, म्हणजे टीमला १४.९ रिबाउंड जास्त मिळाले का? अजिबात नाही. स्कॉटी पिपेनचे रिबाउंड आदल्या मोसमात ८.१ होते, ते ६.४ झाले. टोनी कुकोचचे ५.४ वरून ४ वर आले. समोरच्याचा शॉट चुकला, चेंडू रिंगवरून उडाला आणि खाली आपलीच तीन माणसं उभी असतील, तर त्यातल्या कोणी घेतला याला काय महत्त्व? चेंडू आपलाच होता. स्पेशालिस्टनी तो घेतला तर त्याच्या नावावर एक वाढतो आणि शेजाऱ्याच्या नावावरचा एक कमी होतो. टीमच्या खात्यात शून्य.

म्हणून मी कोच लोकांना नेहमी सांगतो, की बचावातले आणि आक्रमणातले रिबाउंड वेगवेगळ्या वहीत लिहा. त्या काळातल्या एनबीएमध्ये दहा शॉट चुकले तर सुमारे सात चेंडू बचाव करणाऱ्यांकडे जायचे. म्हणजे आपण मारलेला शॉट चुकला, तर तो चेंडू बहुतेक वेळा गेलेलाच असतो. तो परत आणणारा माणूस खरोखर काही तरी नवीन आणतो. रॉडमनच्या १४.९ पैकी ५.६ असे होते.

याची खरी किंमत १९९६ च्या अंतिम फेरीत दिसली, सिॲटलविरुद्ध. सहाव्या सामन्यात जॉर्डननी १९ शॉट मारले आणि फक्त ५ बास्केटमध्ये गेले. म्हणजे १४ चुकले, आणि ते जॉर्डनचे! त्या दिवशी रॉडमननी आक्रमणातले ११ रिबाउंड काढले. दुसऱ्या सामन्यातही ११ च काढले होते. बुल्स तो सामना ८७-७५ असा जिंकले.

आता दुसरी बाजू. हाच रॉडमन आदल्या वर्षी सॅन अँटोनियोकडे होता. तिथे तर १६.८ रिबाउंड! टीमनी ६२ सामने जिंकले, आणि मग ह्यूस्टनकडून ४-२ असे हरले. पहिला सामना ९४-९३ असा गेला, निर्णायक शॉट रॉबर्ट हॉरीचा. हॉरी लांबून शॉट मारणारा फॉरवर्ड. त्याला धरायचं तर बास्केटपासून लांब जावं लागतं, आणि रिबाउंड तर बास्केटपाशी मिळतात. अशा वेळी रिबाउंडची ओढ असलेला माणूस आत रेंगाळतो आणि बाहेर शूटर मोकळा राहतो. हा खर्च स्कोअरशीटवर त्याच्या नावासमोर कुठेच लिहिला जात नाही.

अलीकडचं उदाहरण आंद्रे ड्रमंडचं. रिबाउंडमध्ये चार मोसम लीगमध्ये पहिला. तरी २०२० मध्ये डेट्रॉइटनी त्याला क्लीव्हलँडकडे दिला, तो दोन खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड एवढ्यावर. बाजारानी लावलेली ही किंमत मला थोडी कठोर वाटते, पण विनाकारण नव्हती.

मग बुल्सचं का जमलं? माझ्या मते, गुण करायला जॉर्डन आणि पिपेन होते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या माणसानी शॉट मारला नाही तरी चालत होतं. शिवाय रॉडमन पास चांगले द्यायचा, बचावात मोठ्या माणसांना अडवायचा. नुसता रिबाउंडवाला तो नव्हताच.

तर कोचसाहेब, तुमच्या प्रश्नाकडे येतो. मागच्या चार-पाच सामन्यांचं मोबाइलवरचं चित्रीकरण असेल तर बघा. समोरच्या टीमला त्यांच्याच चुकलेल्या शॉटवर चेंडू परत मिळाला, तिथे प्रत्येक वेळी थांबवा आणि आपली पाचही मुलं काय करतायत ते पाहा. माझा अंदाज असा, की निम्म्या वेळा तरी तुमचे गार्ड चेंडूकडे बघत उभे असतील, बॉक्स आउट कोणीच केलेला नसेल. तसं असेल तर नवा मुलगा घेऊ नका, सरावात रोज पंधरा मिनिटं द्या. पण सगळे नीट बॉक्स आउट करूनही उंचीनी, ताकदीनी हरत असतील आणि गुण करणारे दोन पक्के असतील, तर घ्या. त्या शूटरला मात्र कारण समोर बसवून सांगा.

(श्रोत्यांतून प्रश्न: उंची किती हवी?)

रॉडमन ६ फूट ७ इंच होता, त्या गर्दीत काही फार उंच नव्हे. तो सहकाऱ्यांचे शॉट बघत बसायचा, कोणाचा चेंडू कसा फिरतो, रिंगला लागून कुठे उडतो ते. मुलगा निवडताना त्याला पाच मिनिटं दुसऱ्यांचं शूटिंग बघायला सांगा, आणि मग विचारा, काय दिसलं.