कागद सांभाळा, बायांनो!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मुलचेरा, चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांत फिरताना मला वाटू लागलं, की चढायची नसली तरी ती पायरी कुठे आहे हे प्रत्येकीला ठाऊक हवं.

चंद्रपुरातला बंगाली कॅम्प आपल्या ओळखीचा. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांपैकी काही कुटुंबं साठ-सत्तरच्या दशकांत तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. जंगल तोडून त्यांनी धान पिकवलं. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि यातली बरीच गावं तिकडे गेली. आता तिथे तिसरी-चौथी पिढी नांदते. घरात बंगाली, बाजारात मराठी!

मी विधी सेवा प्राधिकरणाचं विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतलंय. वकिली करायची नाही. अर्ज लिहून द्यायचा, कागद लावून द्यायचे आणि गरज पडली तर मोफत वकिलापर्यंत पोचवायचं, एवढंच काम.

मध्यंतरी बारावी झालेली एक मुलगी आली. नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला हवा होता. प्रवेशाला दिवस उरले थोडे आणि एका कार्यालयात तिला तोंडी सांगितलं गेलं, "तुम्ही तर बंगाली, तिकडचे कागद आणा." सोबत आजी होती. म्हणाली, "दीदी, हिने ते तिकडचं कधी पाहिलंपण नाही. कुठून आणू?"

आम्ही ओसरीवर पेटी उघडून बसलो. वडिलांची जिल्हा परिषद शाळेची टी.सी. निघाली, जन्म १९७३, इथलाच. आईचा जन्म १९७८, तोही इथलाच. नागरिकत्व कायदा सांगतो, २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय, मग आईबाप कुठलेही असोत. मुलीचा जन्म २००७ चा. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी आईबापांचं नागरिकत्व बघतात. इथे दोघंही भारतीय. प्रश्न मिटला!

अर्जाला या टी.सी. जोडल्या आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्या, अशी विनंती केली. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तो आपला हक्क आहे, त्यावर अपीलही करता येतं. नकार आलाच नाही, दाखला आला.

पण सगळंच असं सुटत नाही. यांच्यातले बरेच नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे त्या मुलीने अर्ज भरला तो खुल्या गटातून. बापाची दोन-चार एकर शेती आणि फी मात्र पूर्ण. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. घरी बाळंतपण झालं तरी जन्माची नोंद लगेच करा. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि २०२५ पासून राज्यात पडताळणीही कडक झालीय. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं लिहिलंय. बायका आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी वकील मदत मोफत मिळते. १५१०० वर फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा.

आणि तुमच्यापैकी जिला दुपारचे दोन तास मोकळे असतील, तिने आपल्या तालुक्यात चौकशी करावी. आपण घरातली रेशनकार्डं, लाइटबिलं, मार्कशीट वर्षानुवर्षं जपतोच ना? तेच कसब इथे लागतं. पुढची भेट मुलचेऱ्याला आहे. आजीने मासळीभाताचं आमंत्रण दिलंय, आणि शेजारच्या तिघींना पेट्या घेऊन बसायला सांगितलंय.