दुसऱ्या शहरातला काफ्का

दुकानाची ऑर्डर, बँकेचा व्यवहार असे संदेश एका यंत्रणेकडून दुसरीकडे पोचवायला अनेक कंपन्या अपाची काफ्का वापरतात. लिंक्डइनमध्ये घडलेली ही प्रणाली २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. एका क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातल्या, निरनिराळ्या सर्व्हरवर संदेशांच्या प्रती ठेवता येतात, पण अख्खं डेटा सेंटरच बंद पडलं तर त्या काय कामाच्या? म्हणून दुसऱ्या शहरात वेगळा क्लस्टर उभारून संदेश तिथे सतत उतरवून घेतात. ते काम काफ्काचाच एक भाग असलेला मिररमेकर करतो. त्याची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये काफ्का २.४ सोबत आली.

मांडणी फार अवघड नाही. दोन्ही क्लस्टरना टोपणनावं द्यायची, पत्ते लिहायचे, कोणते टॉपिक, म्हणजे संदेशांचे कोणते प्रवाह, न्यायचे ते सांगायचं. समजा, टोपणनावं ‘पुणे’ आणि ‘नागपूर’ आहेत. पुण्यातला ‘ऑर्डर’ टॉपिक नागपुरात ‘पुणे.ऑर्डर’ नावाने उतरतो. हा उपसर्ग फार मोलाचा आहे. त्यावरून संदेशाचं मूळ ठिकाण कळतं, म्हणून प्रती काढणं दोन्ही दिशांनी चालू असलं, तरी पुण्याचाच माल नागपूरहून फिरून पुण्यात येत नाही.

खरी काळजी घ्यायची ती वाचनखुणेची, म्हणजे वाचन कुठवर आलं ते सांगणाऱ्या क्रमांकाची, ऑफसेटची. तोच संदेश दोन्हीकडे वेगळ्या क्रमांकावर असू शकतो. मिररमेकर या क्रमांकांची सांगड नोंदवत राहतो. वाचकगटांच्या, म्हणजे संदेश मिळून वाचणाऱ्या प्रोग्रामच्या गटांच्या, खुणाही आपोआप पलीकडे हव्या असतील, तर ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय प्रत थोडी मागेच असते. त्यामुळे पुणे अचानक बंद पडलं, तर शेवटचे काही संदेश नागपुरात पोचलेले नसतील.