अवधानन्यूनता, प्रौढांतील
लक्ष स्थिर न राहणे, विसराळूपणा, चुळबुळ व आवेगशीलता ही बालपणीची लक्षणे प्रौढपणीही टिकून राहून व्यवहारात बाधा आणतात, तेव्हा त्या स्थितीस ही संज्ञा लावतात. अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार १७ वर्षे व त्यांवरील व्यक्तीत अवधानाच्या किंवा अतिक्रियतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच आढळावी लागतात. त्यांतील काही १२ व्या वर्षापूर्वीची असावीत व ती घर, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत. रक्ततपासणीने हे निदान होत नाही. ते पूर्ववृत्तावर अवलंबून असते आणि बीड जिल्ह्यात खरी अडचण येथेच येते. ऊसतोडणीसाठी अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. सोबत नेलेल्या मुलांची शाळा मध्येच तुटते. मग प्रगतिपुस्तकातील उणीव अवधानाची की गैरहजेरीची, हे वीस वर्षांनी ठरविणे कठीण. अशा वेळी आईवडिलांची किंवा थोरल्या भावंडांची साक्ष अधिक मोलाची. मूल गावीच ठेवले असल्यास आजीची विशेषच. अपुरी झोप, चिंता, अवसाद, अवटू ग्रंथीचे विकार व मद्यपान यांमुळेही अशीच लक्षणे उद्भवतात, मात्र ती बहुधा मोठेपणी सुरू होतात.