ट्रॉलीची चासी गंजते कुठे आणि का?

ट्रॅक्टरची आपण जेवढी काळजी घेतो त्याच्या निम्मीही ट्रॉलीच्या वाट्याला येत नाही. ट्रॅक्टरचे ऑइल वेळेवर बदलले जाते, फिल्टर साफ होतात. ट्रॉलीला मात्र दसऱ्याला पाणी मारून हार घातला की वर्षाचे काम झाले. फार तर फाळक्यांना नवा रंग लागतो. खाली वाकून चासी पाहणारे थोडे. पण सगळा भार पेलते ती चासी, आणि तो भार ट्रॅक्टरला धरून ठेवतो तो पुढचा दांडा. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा दांडा चढावर तुटला तर नुकसान लोखंडापुरते राहत नाही. सुटलेली ट्रॉली मागे कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. असा दांडा एका दिवसात कमकुवत होत नाही. बहुधा तो कित्येक पावसाळे आतून गंजत आलेला असतो.

क्षारांचा परिणाम

लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू अशा दोन्ही गोष्टी लागतात. त्यात क्षार मिसळले की गंज झपाट्याने वाढतो. क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. क्षारांतील क्लोराइड तर लोखंडावरील संरक्षक थर टिकूच देत नाही.

येथे क्षार म्हणजे केवळ खाण्याचे मीठ नव्हे. पेण, उरण भागातील मिठागरांवरून मीठ वाहणारी ट्रॉली गंजते हे सर्वांना पटते; पण देशावर खतांची पोती वाहणाऱ्या ट्रॉलीची गतही फार वेगळी नसते. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा असतो. फुटक्या पोत्यातून सांडलेले मूठभर खत तळाच्या पत्र्याच्या फटीतून खाली जाते आणि चॅनेलच्या कोपऱ्यात बसते.

शिवाय हे पदार्थ हवेतील ओलावा ओढून घेतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटू लागते. युरियाचेही जवळपास तसेच. अमोनियम नायट्रेटला ६० टक्केही पुरतात, आणि दोन खते मिसळली की बहुधा त्याहून कमी आर्द्रतेत पाणी सुटते. म्हणजे पाऊस थांबला, वरून ट्रॉली कोरडी दिसली, तरी खालच्या कोपऱ्यात जुलै-ऑगस्टभर ओल टिकून राहते.

थंड देशांत याच कारणाने गाड्या गंजतात. तेथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. चाकांनी उडालेले ते खारे पाणी गाडीच्या पोटाला चिकटते. मोटारीमागे ओढावयाच्या राहत्या गाड्यांची, म्हणजे कॅराव्हॅनची, चासी तेथे पुष्कळदा जस्ताचा मुलामा दिलेली असते, ती यासाठीच. कडाक्याच्या थंडीत गंज हळू चालतो आणि ऊब व ओल मिळाली की वेग घेतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कोरडे पडलेले खत असेच निपचित असते; मृगाचा पाऊस पडला की ते कामाला लागते. म्हणून धुण्याचे आणि रंगाचे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे.

काय तपासावे

ट्रॉलीखाली शिरण्यापूर्वी चाकांना उटी लावावी आणि चासीखाली भक्कम ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. उचलत्या ट्रॉलीचा हौदा वर करून काम करावयाचे असेल तर त्याला लोखंडी टेकू दिल्याशिवाय हात आत घालू नये. हायड्रॉलिकचा पाइप फुटण्यास क्षण लागत नाही.

सर्वांत आधी दांड्याच्या कडीजवळचे वेल्डिंग पाहावे, नंतर दांडा चासीला जोडतो ती जागा. त्यानंतर पाट्यांचे ब्रॅकेट आणि आसावरचा भाग पाहावा. तेथे चिखलाचा थर बसतो आणि महिनोन् महिने ओला राहतो. तळाचा पत्रा जेथे चॅनेलवर टेकतो तेथील फट वरून दिसत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे अशा फटीत पत्रा फुगून वर येतो. वेल्डिंगच्या दोन टाक्यांमध्ये पत्रा लाटेसारखा दिसू लागला तर आतील लोखंड खाल्ले जात आहे असे समजावे.

लहान हातोडीने ठोकत जावे. निकोप लोखंड खणखणीत वाजते, गंजलेले भद्द वाजते व पापुद्रे पडतात. शंका आल्यास स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. बंद चौकोनी पाइपची चासी असेल तर जास्त लक्ष द्यावे, कारण ती आतून गंजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसतो.

गंजलेल्या जागेवर पट्टी ठोकून वेल्डिंग करण्याची पद्धत सर्रास आहे. ती फसवी आहे. निकोप लोखंड लागेपर्यंत कापून मगच नवा तुकडा जोडावा. दांड्याला किंवा कडीला तडा असेल तर ठिगळ न लावता ती नवीनच बसवावी. येथे काटकसर करू नये.

धुणे

खत, मळी, कोंबडखत किंवा ऊस वाहिल्यावर ट्रॉली शक्यतो त्याच दिवशी धुवावी. उसाचा रस आंबून आम्लधर्मी होतो. कोंबडखतातून अमोनिया निघतो. तो दिव्यांच्या तांब्या-पितळेच्या जोडांनाही खातो. आधी कोरडा झाडू मारून सांडलेले खत गोळा करावे (ते शेतातच उपयोगी पडेल) आणि मग पाण्याचा फवारा खालून वर मारावा. वरून ओतलेले पाणी क्षार फटीत ढकलते.

पाणी गोडे हवे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याने धुतलेली ट्रॉली वाळली की तिच्यावर पांढरा थर उरतो. अशा भागात निदान शेवटचा हात तरी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने फिरवावा.

रंग आणि जस्त

रंग लावण्याच्या आधी क्षार धुवून काढणे हे निम्मे काम आहे. गंजाच्या खड्ड्यात क्षार राहिले तर वरचा रंग काही महिन्यांतच फोड येऊन सुटतो. म्हणून प्रथम धुवावे, नंतर तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने सुटा गंज काढावा, पुन्हा धुऊन पूर्ण वाळवावे आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. वेळ सकाळी दव उडून गेल्यावरची. भर दुपारी तापलेल्या लोखंडावर रंग नीट बसत नाही.

रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात मारून ट्रॉली वापरात काढणे ही नेहमीची चूक आहे. प्रायमर सच्छिद्र असतो, त्यातून ओल आत जाते. त्यावर ऑइल पेंटचे दोन हात हवेतच. झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळाल्यास तो अधिक चांगला. चॅनेलच्या कडांवरून ओला रंग मागे सरकतो आणि तेथे थर पातळ राहतो. म्हणून कडांना आणि वेल्डिंगला ब्रशने एक जादा हात द्यावा. गंज काळा करणारी जी द्रावणे बाजारात मिळतात त्यांतील काहींत टॅनिन असते. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत, त्यातलाच हा प्रकार. पातळ गंजावर ती उपयोगी आहेत. पापुद्रे आलेल्या लोखंडावर त्यांचा भरवसा धरू नये.

नवीन ट्रॉली बनवून घेणार असाल तर चासीला गरम जस्ताचा मुलामा देण्याचा विचार जरूर करावा. यात लोखंड सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. सहा मिलिमीटरहून जाड लोखंडावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर बसतो. ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी झिजून लोखंडाला वाचवते, रंगाला हे जमत नाही. खर्च जास्त येतो, आणि आंबलेल्या रसापुढे जस्तही टिकत नाही, तेव्हा धुणे चुकत नाहीच. बंद पाइपला भोके ठेवल्याशिवाय तो जस्ताच्या हौदात बुडवता येत नाही, नाहीतर स्फोट होतो. कारागिराला हे आधीच सांगावे. मुलामा दिलेल्या भागावर पुढे वेल्डिंग करावे लागले तर तेथील जस्त घासून काढावे व मोकळ्या हवेत काम करावे. जस्ताच्या धुराने ताप भरतो.

चासीला जळके इंजिन ऑइल फासणारे पुष्कळ आहेत. त्याने काही दिवस ओल दूर राहते हे खरे. पण त्यावर माती व खताची धूळ चिकटते, टायर व रबरी पाइप खराब होतात आणि पहिल्या पावसात ते जमिनीत उतरते. हाताच्या कातडीलाही ते अपायकारक आहे. पिन, कडी व पाटे यांना ताजे ग्रीस लावणे पुरेसे आहे.

पावसाळ्यात ट्रॉली शेणखताच्या ढिगाशेजारी किंवा गवतात उभी करू नये. खाली मुरूम टाकून दांडा किंचित वर राहील असा टेकू द्यावा, म्हणजे पाणी मागे निथळते. चॅनेलच्या खालच्या कोपऱ्यांतील भोके तारेने मोकळी करावीत. उचलत्या ट्रॉलीचा हौदा पूर्ण खाली ठेवावा, म्हणजे जॅकचा दांडा आत राहील. त्याच्यावर गंजाचे खड्डे पडले की पुढच्या हंगामात सील फाटून ऑइल गळू लागते.