पीटीओ शाफ्ट तुटला, पण दोष कुणाचा?

पऱ्हाटीचं श्रेडर असो, बागेतलं गवत कापणारं स्लॅशर असो की उसाच्या पाचटाची कुट्टी करणारं यंत्र, ट्रॅक्टरची ताकद त्याच्यापर्यंत पोचते ती पीटीओ शाफ्टमधूनच. ऐन हंगामात तो तुटला की बांधावर चार माणसं जमतात आणि चौघांचे सहा सल्ले असतात. त्यातले निम्मे तरी शाफ्ट पुन्हा तोडणारे.

सर्वांत लाडका सल्ला म्हणजे ‘वेल्डिंग मारून घे, नव्याला कशाला पैसे घालतोस?’ पीटीओवर 40 अश्वशक्ती मिनिटाला 540 फेऱ्यांना मिळत असेल, तर शाफ्टवर सुमारे 530 न्यूटन-मीटर पीळ येतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 54 किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. हा झाला सुरळीत कामातला हिशोब. पात्यात धोंडा किंवा तारेचा गुंडा आला, की क्षणभर तो कित्येक पटींनी वाढतो. असा मार सोसण्यासाठी योक, म्हणजे सांध्याचा दुबेळका फाटा, घडीव पोलादाचं करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं टाक्यालगतचं पोलाद कुठे ठिसूळ, तर कुठे मऊ पडतं. म्हणून नवी चीर बहुतेक वेळा टाक्यात न पडता टाक्याच्या कडेला पडते. त्यात नळी केसभर वाकडी बसली तरी सगळं यंत्र थरथरतं.

‘पण कंपनीसुद्धा वेल्डिंगच करते की!’ काही शाफ्टांत करते, खरं आहे; पण दोन्ही टोकं साच्यात पक्की धरून आणि त्यासाठीच निवडलेल्या पोलादावर. बऱ्याच शाफ्टांत तर योक नळीला नुसत्या पिनेनं अडकवलेलं असतं. पीन ठोकून काढली की योक, दोन योकांना जोडणारा क्रॉस, नळी असे सुटे भाग बदलता येतात. म्हणजे अख्खा शाफ्ट नवा घ्यायचा की वेल्डिंग करायचं, एवढे दोनच रस्ते नसतात. लेथवर साध्या बारातून सहा खाचांचं टोक कातून घेणं हीसुद्धा तात्पुरतीच मलमपट्टी. माप बरोबर आलं म्हणून ताकद आली असं होत नाही.

‘लोखंडच खराब निघालं.’ हा निकाल देण्याआधी तुटलेला तुकडा पुसून उन्हात धरा. तुटलेल्या तोंडाचा काही भाग गुळगुळीत, मळकट, कधी गंजलेला दिसतो आणि त्यावर खोडातल्या वलयांसारख्या बारीक रेषा असतात. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत असतो. गुळगुळीत भाग ही जुनी चीर, ती हळूहळू वाढत आलेली असते. चकचकीत भाग आज तुटला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर धोंड्याला दोष देऊ नका, दुखणं जुनं आहे. सगळं तोंड ताजं आणि नळी पिळवटलेली असेल, तर मात्र एकाच दणक्याचं काम. क्रॉसचे कप काढूनही बघा. क्रॉसच्या पिना निळसर पडल्या असतील तर ग्रीस पोचलेलं नाही. पिनांवर ओळीनं बारीक खळगे असतील तर ते बेअरिंगच्या सुयांचे वळ आहेत, भार झेपत नव्हता.

जुनं दुखणं कुठून येतं? माझ्या मते सर्वांत जास्त वेळा या समजातून: ‘नळ्या कशाही जोडल्या तरी शाफ्ट फिरतोच.’ फिरतो, पण कसा? क्रॉसचा सांधा तिरका चालला की तो एकसारखी गती पुढे देत नाही. 30 अंशांच्या तिरकेपणात 540 ची गती प्रत्येक फेरीत दोनदा 468 पर्यंत उतरते आणि दोनदा 624 पर्यंत चढते. दुसऱ्या टोकाचा सांधा नेमकी उलटी चढउतार करून हिशोब मिटवतो. मात्र नळ्यांवरची दोन्ही योकं एका रेषेत असतील तरच. चौकोनी बार चौकोनी नळीत पाव वळण चुकवून घातला, तर दुसरा सांधा चढउतार मिटवण्याऐवजी वाढवतो: 405 ते 720. पात्यांचा जड रोटर इतक्या झटपट गती बदलू शकत नाही, मग सेकंदाला 18 हिसके शाफ्टलाच खावे लागतात. हाच शाफ्ट दर हंगामाला तुटतो आणि दर हंगामाला दुकानदाराला शिव्या बसतात. खरं तर हा दोष पाच मिनिटांत, फुकटात दुरुस्त होतो.

योकं जुळली तरी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. टॉप लिंक कमीजास्त करून गिअरबॉक्सचा दांडा पीटीओच्या दांड्याला समांतर आणा. बांधाला वळताना यंत्र उचलायचं तर आधी पीटीओ बंद करा.

‘शेजाऱ्याचा शाफ्ट बसतोय ना, मग झालं.’ 540 फेऱ्यांचं सहा खाचांचं टोक ठरावीक मापाचं असतं, म्हणून बसतो. लांबीचं काय? शाफ्ट लांब पडला तर यंत्र वरखाली होताना नळ्या आत टेकतात आणि धक्का थेट ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर जातो. आखूड पडला तर चालू कामात नळ्या सुटतात. दोन्ही टोकं सर्वांत जवळ येतात त्या स्थितीत आत किमान 25 मिलिमीटर जागा उरली पाहिजे. कामात नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश हव्यात. कापावं लागलं तर दोन्ही नळ्या सारख्याच कापा आणि कडा कानशीनं घासून घ्या.

शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून जाड किंवा जास्त कडक बोल्ट घालणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की तो तुटण्यासाठीच दिलेला असतो. तो तुटला नाही तर शाफ्ट किंवा गिअरबॉक्स तुटेल. पुस्तिकेतल्या मापाचा आणि ग्रेडचाच घाला. बोल्टाऐवजी जास्त भार आला की घसरणारा स्लिप क्लच असेल आणि यंत्र पावसाळाभर पडून असेल, तर त्याच्या चकत्या गंजून एकमेकींना धरतात. हंगामाआधी त्या मोकळ्या करा. ग्रीस साधारण दर आठ तासांच्या कामाला, आणि क्रॉसबरोबर सरकत्या नळीलाही.

शेवटचा गैरसमज जिवाशी खेळणारा: ‘प्लास्टिकचं गार्ड धुळीसाठी असतं, काढून टाकलं तरी चालतं.’ ते माणसासाठी असतं. 540 फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. सात सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळतो. पदर, ओढणी, उपरणं सोडवायला वेळच मिळत नाही. म्हणून दुरुस्तीच्या यादीत गार्ड आणि त्याची साखळी धरा. शाफ्टला हात लावण्याआधी पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा.