गजाची कसोटी

मैफल संपल्यावर बाहेर पडताना दोन शेरे हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘हात काय तयार आहे!’ आणि दुसरा, जरा मान हलवून दिलेला, ‘तयारी आहे, पण भाव नाही.’ दोन्ही शेऱ्यांमागे एकच समजूत आहे. तंत्र ही बोटांची गोष्ट, भाव ही अंतःकरणाची, आणि मोठा कलावंत पहिल्याला मागे टाकून दुसऱ्याकडे जातो, अशी ती समजूत. पाश्चात्त्य पियानोवादकांबद्दल हेच बोलले जाते आणि आपल्या सतार-व्हायोलिनवाल्यांबद्दलही. मला ही विभागणी मुळातच चुकीची वाटते. वाद्यसंगीतात भाव श्रोत्यापर्यंत येतो तो तंत्राच्याच वाटेने, दुसरी वाट नाही. म्हणून तंत्राचे मनापासून कौतुक करणे हे वरवरच्या रसिकतेचे लक्षण मानू नये. मात्र कौतुक कोणत्या तंत्राचे करायचे, हे कळायला हवे. या प्रश्नाचा विचार करायला बंगळुरूतल्या मल्लेश्वरमइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. तिथे सात तारांच्या व्हायोलिनच्या आकाराचे एक सभागृह उभे आहे आणि त्याच वस्तीत, पंचवटी नावाच्या घरात, व्हायोलिनच्या तारेचे गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचे वास्तव्य होते.

तो शास्त्रज्ञ म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशावरच्या संशोधनासाठी त्यांना 1930 साली नोबेल मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी कोलकात्यात असताना त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर 1918 मध्ये एक मोठा प्रबंध लिहिला आणि पुढे यंत्राने व्हायोलिन वाजवून मोजमापेही घेतली, ही गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. गजाचे केस तारेला चिकटतात, तार त्यांच्याबरोबर थोडी ओढली जाते, मग सुटते, पुन्हा चिकटते. सेकंदाला 440 कंपनांचा स्वर असेल तर हे चिकटणे-सुटणे सेकंदात 440 वेळा व्हावे लागते. त्यासाठी गजाचा दाब, त्याचा वेग आणि घोडीपासूनचे त्याचे अंतर या तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. दाब कमी पडला तर स्वर पोकळ होतो, जास्त झाला तर खरखरतो. घोडीच्या जवळ गज आला की जास्त दाब लागतो आणि स्वर उजळ, धारदार होतो. दूर गेला की तो मऊ होतो. रामन यांच्या यंत्राने दाब आणि वेग स्थिर ठेवून हे संबंध तपासले. वादकाला यातली एकही गोष्ट स्थिर ठेवून चालत नाही. एकाच स्वराच्या पोटात तो तिन्ही बदलत असतो, तेही न मोजता, केवळ कानाच्या आधाराने. आपण ज्याला आर्तता, कोवळीक किंवा करारीपणा म्हणतो, ती या तीन बदलांतून घडते.

पियानोची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे हातोडी तारेवर आदळण्याआधीच पट्टीच्या ताब्यातून सुटलेली असते. एकदा स्वर उमटला की त्याला फुगवता येत नाही, वळवता येत नाही. तो फक्त विरत जातो. वादकाच्या हाती उरते ते इतकेच: पट्टी किती वेगाने दाबायची, नेमकी कधी, कधी सोडायची, आणि पायाशी असलेल्या पेडलने स्वर किती काळ रेंगाळू द्यायचा. एवढ्या तुटपुंज्या साधनांतून शोपँचे एखादे नॉक्टर्न गायल्यासारखे वाजते. एकाच हाताच्या पाच बोटांतले एक बोट इतरांपेक्षा किंचित जोरात पडते, म्हणून धून वर तरंगते. पुढचा स्वर केसभर उशिरा येतो, म्हणून हुरहुर लागते. हे सारे तंत्रच आहे. ते काढून घेतले तर मागे उरणारा भाव वादकाच्या मनात असेल, श्रोत्याच्या कानात नाही.

पण मल्लेश्वरमला परत येऊ. मराठी वाचकाला इथे एक जुना धागा सापडेल. या वस्तीला ज्याच्यामुळे नाव मिळाले त्या काडु मल्लेश्वर देवस्थानाशी शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे नाव जोडलेले आहे, आणि 1669 च्या शिलालेखात त्यांच्या दानाचा उल्लेख आहे. त्याच व्यंकोजींनी पुढे तंजावरला मराठी राज्य स्थापन केले, आणि त्यांचे वंशज दुसरे सरफोजी यांच्या काळात तंजावर दरबारात पाश्चात्त्य वाद्ये दाखल झाली होती. दक्षिणेत व्हायोलिन रुजवण्याचे श्रेय मुख्यतः मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांना आणि तंजावर परंपरेतल्या वडिवेलूंना दिले जाते. वाद्य तेच राहिले, धरण्याची रीत बदलली. युरोपात ते हनुवटीखाली धरतात. दक्षिणेतला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी टेकवतो आणि दुसरे उजव्या पायाच्या घोट्यावर. त्यामुळे डाव्या हातावर वाद्याचा भार राहत नाही आणि बोट तारेवरून मोकळेपणाने घसरू शकते. कर्नाटक संगीताचा तोडी ऐकला तर त्यातला गांधार एका जागी ठरत नाही, तो डोलत राहतो. तो डोल वाजवता यावा म्हणून बसण्यापासूनची सारी पद्धत बदलावी लागली. रागाने जे मागितले, ते शरीराने शिकून घेतले.

या परंपरेत तिरुमकूडलु चौडय्या येतात. कावेरी आणि कपिला यांच्या संगमावरच्या गावी 1895 साली त्यांचा जन्म झाला, आणि म्हैसूरचे बिडारम कृष्णप्पा हे त्यांचे गुरू. कृष्णप्पा गायक होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. चौडय्यांचा हात गळ्याच्या शिस्तीत घडला. आपल्याकडे गजाननबुवा जोशींनी गाणे आणि व्हायोलिन दोन्ही सांभाळले, त्यामागेही हाच विचार दिसतो. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. भारदस्त आवाजाच्या गायकामागे चार तारांचे व्हायोलिन मागच्या रांगांपर्यंत पोचत नसे. 1927 च्या सुमारास चौडय्यांनी तीन तारांना जोडतारा लावल्या आणि सात तारांचे व्हायोलिन घेऊन ते मैफलीत बसू लागले. गुरूंना हा उद्योग आधी रुचला नव्हता आणि नंतर त्यांनी तो मान्य केला, असे सांगतात. ऐकायला हा बदल सोपा वाटतो. प्रत्यक्षात गजाला एका वेळी दोन तारा सारख्या दाबाने धराव्या लागतात, बोटाला दोन्ही एकदम दाबाव्या लागतात, आणि गमक घेताना दोन्ही तारा तंतोतंत एकाच वाटेने घसरल्या नाहीत तर स्वर फाटतो. अशा वाद्यावर चौडय्यांनी चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारख्या बुलंद आवाजाच्या गायकाला वर्षानुवर्षे साथ केली. 1957 साली मद्रासच्या संगीत अकादमीची ‘संगीत कलानिधी’ ही पदवी त्यांना मिळाली.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. हा तर आवाज वाढवण्याचा तोडगा झाला, यात अभिव्यक्ती कुठे आली? मायक्रोफोन आला आणि सात तारा मागे पडल्या, यावरून ते उघडच नाही का? मला हे पटत नाही. ऐकू न येणारा भाव श्रोत्यासाठी नसतोच, हा एक भाग. दुसरे असे की जोडतारांनी केवळ मोठा स्वर दिला नाही, भरीव स्वर दिला, आणि त्या भरीवपणात चौडय्यांचे वादन ओळखू येत असे. त्यांच्या बरोबरीने नाव घेतले जाणाऱ्या द्वारम वेंकटस्वामी नायडूंनी चार तारांवरच गजाची नजाकत वाढवली. कुंभकोणम राजमाणिकम पिळ्ळै तिसऱ्याच वाटेने गेले. एकाच वाद्यावर, एकाच काळात, तीन वेगळी तंत्रे आणि तीन वेगळी व्यक्तिमत्त्वे. तंत्र भावाहून वेगळे असते, तर तंत्र बदलल्याबरोबर माणूसही वेगळा ऐकू आला नसता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विजेच्या वेगाने वाजवणारे, एकही स्वर न चुकणारे आणि तरीही कोरडे वाटणारे वादक आपण सर्वांनीच ऐकले आहेत. ते असतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्याकडे तंत्र जास्त झाले आहे हे निदान चुकीचे आहे. त्यांचे तंत्र एकांगी आहे. वेग साधला आहे, विलंब साधलेला नाही. द्रुत लयीत शंभर स्वर अचूक घेणारा हात आलापातला एक लांब षड्ज अखंड, न थरथरता, शेवटपर्यंत जिवंत ठेवू शकत नाही. वास्तविक हे दुसरे काम जास्त अवघड आहे, आणि रामन यांच्या मोजमापांमधून त्याचे कारणही कळते: गज जितका सावकाश, तितका दाबाचा तोल नाजूक. टाळ्या मात्र पहिल्यालाच पडतात, म्हणून रियाजही त्याच दिशेने वाढतो. यात दोष वादकाइतकाच श्रोत्यांचाही आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आणि देवळात भाबडेपणाने अभंग गाणारा? त्याच्याकडे कसले तंत्र? त्याला आवाज जन्मतः मिळालेला असतो, शब्द संतांचे असतात, आणि ताल त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेला असतो. हे शिक्षणच आहे, फक्त वर्गात झालेले नाही. वाद्य हाती घेणाऱ्याला यातले काहीच आयते मिळत नाही. लाकूड आणि तार यांना स्वतःचा श्वास नसतो, शब्द नसतो. गीतातले अक्षर जिथे तुटते तिथे गज वळवूनच त्याला ते अक्षर सांगावे लागते.

कर्नाटक मैफलीत हे ऐकण्याची उत्तम संधी रागाच्या आलापनेत मिळते. गायक एक वाक्य घेतो, व्हायोलिन त्याच्या सावलीसारखे मागून येते, मग गायक थांबतो आणि वादकाला मोकळे मैदान मिळते. तोच राग, तेच स्वर, पण आता गायकाचा आधार नाही, आणि समोर नुकतेच ऐकलेले मोठे गाणे आहे. आपल्याकडचे बरेच श्रोते नेमके इथे कुजबुजू लागतात किंवा चहाला उठतात.

चौडय्या 1967 साली गेले. 1980 मध्ये मल्लेश्वरमला त्यांच्या नावाचे स्मारक सभागृह उभे राहिले, आणि हे नाव आयुष्याचा मोठा काळ दुसऱ्याच्या गाण्याला साथ करण्यात घालवलेल्या वादकाचे आहे. बंगळुरूला गेलात तर तिथली एखादी मैफल जरूर ऐका, आणि व्हायोलिनची पाळी आली की जागेवर बसून राहा. डाव्या हाताची बोटे सगळेच पाहतात. तुम्ही उजव्या हाताकडे पाहा.